आडवं इंजिन, सरळ इंजिन : प्रस्तावना

महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यातून २०२१ साली एक्सयूव्ही ७०० बाहेर पडली आणि २०२२ साली स्कॉर्पिओ-एन. दोन्ही गाड्यांत २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन मिळतं आणि २ लिटरचं एमस्टॅलियन पेट्रोलही मिळतं. दोन्ही शेजारी उभ्या करून बॉनेट उघडावीत. स्कॉर्पिओत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसलंय. त्याचं तोंड रेडिएटरकडे आहे, पाठ ड्रायव्हरकडे, आणि पाठीला लागून असलेला गिअरबॉक्स पुढच्या दोन सीटांच्या मध्ये शिरलाय. एक्सयूव्हीत त्याच घराण्यातलं इंजिन नव्वद अंशांत फिरवून एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत आडवं टाकलंय आणि गिअरबॉक्स त्याच्या बगलेला लावलाय. स्कॉर्पिओत मागची चाकं गाडी ढकलतात, एक्सयूव्हीत पुढची ओढतात. चारही चाकांना ताकद देणारा प्रकार दोन्हींत मिळतो, पण त्याची मूळ बैठक हीच.

हे पुस्तक त्या नव्वद अंशांविषयी आहे. इंजिन सरळ बसवायचं की आडवं, हे गाडीच्या आराखड्यात फार लवकर ठरतं. एकदा ते ठरलं की बॉनेटची लांबी, आतल्या तळाचा उंचवटा, मागे मध्ये बसणाऱ्याचे पाय, गल्लीत गाडी वळवायला लागणारी जागा, घाटातली पकड आणि क्लच प्लेट बदलायची मजुरी, सगळं त्याच्या मागोमाग ठरत जातं. आपल्याकडे गाडी घेताना ॲव्हरेज विचारतात, हप्ता विचारतात, चार वर्षांनी विकली तर किती येतील तेही विचारतात. ते विचारावंच. पण गाडीचा स्वभाव ज्या एका निर्णयातून घडतो, तो चालवणाऱ्याच्या हाताला, पायाला आणि पाठीला रोज जाणवत असतो. जे जाणवतं त्याचं कारण कळलं, तर माणूस गाडी निवडतोही नीट आणि चालवतोही नीट, हे माझं ठाम मत आहे.

वेदगंगेच्या काठावर ऑइल इंजिनानं पाणी उपसलेली पिढी कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगुडात अजून आहे. त्यांना यातलं मूळ तत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही. इंजिनाचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट समांतर नसले की पट्टा पुलीवर टिकत नाही. म्हणून पंप बसवताना मेस्त्री आधी दोरी लावून दोन्ही पुल्या एका रेषेत आणायचा. गाडीत चाकांचा आस आडवा असतो. क्रँकशाफ्टही आडवा ठेवला तर इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं यांचे सगळे शाफ्ट एकमेकांना समांतर येतात आणि ताकद साध्या तिरक्या दात्यांच्या गिअरांमधून चाकापर्यंत पोचते. क्रँकशाफ्ट सरळ ठेवला तर त्या ताकदीला कुठंतरी काटकोनात वळवावं लागतं. ते काम क्राउन-पिनियन करतात. तिथं दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतातही. थोडी ताकद उष्णतेत जाते, आणि म्हणूनच डिफरन्शिअलला जास्त दाब सोसणारं वेगळं, जाड तेल घालतात.

मग सुरुवातीपासूनच सगळ्यांनी इंजिन आडवं का नाही बसवलं? १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पानार-लेव्हासोर यांनी जी मांडणी रूढ केली ती अशी : पुढे इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि ओढ मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना दोन कामं करावी लागत नाहीत. ती फक्त वळतात. फिरतही राहील आणि वळूनही ताकद देईल असा भरवशाचा सांधा तेव्हा नव्हता, म्हणून वळणं पुढच्या चाकांकडे आणि ओढ मागच्यांकडे ही वाटणी शहाणपणाची होती. इंजिन लांब असलं, चाराचे सहा सिलिंडर झाले, तरी बॉनेट तेवढं लांबवलं की भागायचं. शिवाय पंखा इंजिनाच्या तोंडालाच पट्ट्यावर फिरायचा आणि समोर रेडिएटर असायचा. ही मांडणी पुढं साठ-सत्तर वर्षं जगभर चालली आणि ट्रक, जीप, पिकअपमध्ये आजही चालते.

महाराष्ट्रात मोटार उद्योगाचा पाया याच मांडणीवर घातला गेला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तीच पद्मिनी म्हणून दारोदार पोचली. १०८९ सीसीचं इंजिन सरळ बसवलेलं, ओढ मागच्या चाकांना, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पुढे तिघं बसायचे, मागे तिघं, आणि मागच्या मधल्याचे गुडघे छातीशी यायचे, कारण त्याच्या पायांखालून प्रोपेलर शाफ्टचा बोगदा जात होता. पंखा इंजिनाच्या वेगाशी बांधलेला. घाटात पुढचा ट्रक रखडला आणि इंजिन संथ झालं की पंखाही संथ व्हायचा, नेमका जेव्हा वारा हवा तेव्हाच. पाण्याचा कॅन डिकीत ठेवून फोंडा घाट चढणारी माणसं या भागात पुष्कळ होती.

आता याच फियाटच्या घरातली पुढची गोष्ट. ११०० च्या आराखड्यामागचा अभियंता होता दांते जाकोसा. आडव्या इंजिनाचा प्रश्न शेवटी ज्यानं सोडवला तोही हाच जाकोसा.

आडवं इंजिन त्याच्या आधीही होतं. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूनं १९३१ साली दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आडवं बसवून पुढच्या चाकांची ओढ असलेली लहान गाडी विकायला काढली होती. पण आडव्या इंजिनाची हवा झाली ती १९५९ च्या मिनीमुळे. सुएझच्या पेचामुळे इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली होती. बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या ॲलेक इसिगोनिस यांना चार माणसं नेणारी, पण होता होईल तेवढी लहान गाडी करायची होती. त्यांनी ८४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आडवं टाकलं. मग गिअरबॉक्सला बाजूला जागा उरेना, म्हणून तो इंजिनाच्या खाली, संपमध्येच बसवला. जेमतेम तीन मीटरची गाडी, आणि तिच्या तळातला चार-पंचमांश भाग माणसांना आणि सामानाला. पण इंजिन आणि गिअर एकाच तेलात फिरत असल्यामुळे त्या तेलाचे हाल व्हायचे आणि इंजिन उंच बसायचं.

जाकोसानं १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलात गिअरबॉक्स इंजिनाखालून काढून त्याच्या टोकाला, एकाच रेषेत लावला. तेल वेगळं झालं, दुरुस्ती वेगळी झाली. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये तीच मांडणी मोठ्या प्रमाणावर आली आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्या त्याच बेतावर बनतात. किंमत एकच मोजावी लागली : डिफरन्शिअल मध्यावरून एका बाजूला सरकलं, त्यामुळे डावीकडचा आणि उजवीकडचा ड्राइव्ह शाफ्ट लहानमोठे झाले. त्याचे परिणाम स्टिअरिंगपर्यंत कसे येतात ते पुढे सांगतो.

या दोन घराण्यांच्या मध्ये तिसरं एक घराणं आहे : इंजिन सरळ, पण ओढ पुढच्या चाकांना. सिट्रोएनची १९३४ ची त्राक्सियाँ आव्हाँ ही त्यातली नामांकित गाडी. पुढे ऑडीनं हीच वाट मोठी केली. ऑडीच्या मोठ्या गाड्यांत इंजिन सरळ आणि पुढच्या आसाच्याही पुढे बसतं, त्यामुळे गिअरबॉक्समधून मागे शाफ्ट काढून चारही चाकं जोडणं सोपं जातं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात या ऑडी जुळवल्या गेल्या. आपल्याकडे विकल्या गेलेल्या पहिल्या स्कोडा सुपर्बचं इंजिनही असंच सरळ होतं, दुसऱ्या पिढीत ते आडवं झालं. इंजिन मागे ठेवणाऱ्यांची पंगत निराळी. तिच्यात फोक्सवॅगनची बीटल आहे, पोर्श ९११ आहे आणि ६२४ सीसीची टाटा नॅनोही आहे.

भारतीय वाचकाला हा विषय हातात धरून बघायचा असेल तर मारुतीसारखं उदाहरण नाही. १९८३ च्या मारुती ८०० मध्ये ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं होतं आणि ओढ पुढच्या चाकांना. पुढच्याच वर्षी आलेल्या व्हॅनमध्ये, जिला नंतर ओम्नी म्हटलं गेलं, तेच इंजिन सरळ करून पुढच्या सीटांखाली घातलं आणि ओढ मागे दिली. एका इंजिनानं दोन गाड्या घडवल्या, आणि त्या चालवायला एकमेकींशी काही नातं सांगत नाहीत. ८०० मध्ये नाक जड, शेपूट हलकी. ओम्नीत बुडाखाली इंजिनाची ऊब, समोर काचेपलीकडे थेट रस्ता, आणि रिकाम्या गाडीत मागची चाकं चिखलात लगेच फिरायची. मात्र शाळेची पोरं किंवा दुधाचे कॅन भरले की तीच ओम्नी चढाला घट्ट चिकटायची, कारण वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर यायचं.

टाटांनी पुण्यात घडवलेली आणि १९९८ साली लोकांपुढे आणलेली इंडिका हा आडव्या इंजिनाचा मराठी मुलखातला मोठा क्षण. बाहेरून झेनएवढी, आतून ॲम्बॅसडरएवढी, आणि डिझेलवर चालणारी गाडी हवी, अशी रतन टाटांची अपेक्षा सांगितली जाते. या तिन्ही अटी एकत्र वाचल्या तर इंजिन आडवं टाकण्यावाचून मार्गच नव्हता. आतला ऐसपैसपणा बॉनेटमधून कापून काढावा लागतो. १.४ लिटरचं डिझेल इंजिन आडवं बसवून टाटांनी तो कापला. त्याआधी चारच वर्षं, १९९४ साली, त्याच कंपनीनं सुमो आणली होती. टाटांच्या टेल्कोचा पुण्यातला कारखाना उभारणाऱ्या सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरं तिला दिली आहेत. सुमोची मांडणी अस्सल जुनी : शिडीसारखी चासी, सरळ इंजिन, ओढ मागे. कोल्हापूर जिल्ह्यात वडापला सुमो, ट्रॅक्स आणि कमांडर का चालल्या याचं उत्तर चाकांवरच्या वजनात आहे. जितकी माणसं मागे जास्त, तितकी मागच्या चाकांची पकड जास्त.

आणि सफारी. १९९८ ची सफारी सरळ इंजिनाची, मागच्या ओढीची, हवी तर चारही चाकं जोडता येणारी. २०२१ मध्ये त्याच नावानं आलेल्या सफारीचा पाया लँड रोव्हरच्या डी८ वरून घेतलेला, इंजिन आडवं आणि ओढ फक्त पुढच्या चाकांना. जुन्या सफारीच्या चाहत्यांना हे पटलं नाही, आणि त्यांची बाजू मला समजते. डोंगरात चिखलातून जाणाऱ्याला गाडीच्या नावाबरोबर ती क्षमताही हवी असते. पण हमरस्त्यावर घरच्या सहा-सात माणसांना घेऊन पुण्याला जाणाऱ्याला नवी सफारी जास्त सुखाची आहे, हेही तितकंच खरं.

हा फरक अंगाला कसा कळतो, त्यावर या पुस्तकाचा भर आहे. गाडी उभी करून, गिअर काढून ॲक्सिलरेटर झटक्यात दाबा. सुमोत किंवा बोलेरोत सबंध गाडी एका कुशीवर कलल्यासारखी हलते, कारण सरळ इंजिन फिरण्याच्या उलट दिशेला आपलं अंग वळवतं आणि ती दिशा डावी-उजवी असते. आडव्या इंजिनाची गाडी पुढेमागे मान हलवते. गर्दीत पहिल्या गिअरमध्ये पाय सोड-दाब करताना जी डोलती हालचाल जाणवते ती हीच. आडव्या इंजिनात गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच कवचात असल्यानं चाकांवर पडणाऱ्या सगळ्या जोराची उलट लाथ इंजिनाच्या माउंटिंगला बसते. म्हणून तिथं रबराच्या डोळ्यांचा एक जास्तीचा दांडा लावलेला असतो. तो सैल झाला की गिअर टाकताना खट्‌कन धक्का येतो आणि माणूस क्लचला दोष देत बसतो.

लहानमोठ्या ड्राइव्ह शाफ्टचं म्हणाल तर, जोरात पाय दाबल्यावर दोन्ही शाफ्टचे सांधे वेगवेगळ्या कोनांत वाकतात आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं. दमदार टर्बो डिझेलांत हे जास्त कळतं. लांब बाजूला मध्ये एक आधाराचा शाफ्ट आणि बेअरिंग घालून दोन्ही बाजू सारख्या करतात, मग ती ओढ बरीच कमी होते. सरळ इंजिन आणि मागची ओढ असलेल्या गाडीत स्टिअरिंगला हा त्रास नाहीच. गिअरच्या दांड्याचंही तसंच. जिप्सीत किंवा जुन्या जीपमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर असतो, आतले दाते हाताला लागतात. आडव्या इंजिनात गिअरबॉक्स दूर एका बाजूला, मध्ये केबल, त्यामुळे हात हलका पडतो पण आतलं कळत नाही.

मुरगुडातून मुदाळतिट्ट्यावरून राधानगरी आणि तिथून पावसाळ्यात फोंडा घाट उतरून कोकणात जाणाऱ्याला यातलं सगळं एका प्रवासात भेटतं. आडव्या इंजिनाच्या रिकाम्या गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर असतं. ओल्या सपाट रस्त्यावर ते उपयोगी पडतं. गाडी नाकानं ओढली जाते आणि सरळ राहते. परत चढताना, मागे माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना, वजन मागे सरकतं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. वळणावर जांभ्याची माती वाहून आली असेल तर तिथंच ती फिरतात. त्याच वळणावर मागून ढकलणारी बोलेरो निमूट चढते. पण उतारावर रिकामी बोलेरो वेगात वळवली तर शेपूट सुटायची भीती तिलाच जास्त. कोणती मांडणी चांगली, असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो : ओझं किती, रस्ता कुठला, चढ किती?

इथं एक खबरदारी. एक्सयूव्ही आणि स्कॉर्पिओ-एन यांच्या चालीतला सगळा फरक इंजिनाच्या दिशेचा नाही. एक गाडी एकसंध सांगाड्याची आहे, दुसरी शिडी-चासीवरची. मागचा आस, उंची, टायर, सगळं वेगळं आहे. सरळ इंजिनाबरोबर बहुधा चासी येते आणि आडव्याबरोबर बहुधा एकसंध सांगाडा, म्हणून एकाचं श्रेय दुसऱ्याला जातं. मर्सिडीजची सी-क्लास सरळ इंजिनाची, मागच्या ओढीची आणि तरी एकसंध सांगाड्याची आहे. तिच्याकडे बघितलं की ही गफलत सुटते.

गॅरेजवाल्यांचं मत आराखडा करणाऱ्यांपेक्षा वेगळं असतं, आणि ते पुस्तकात मुद्दाम घेतलंय. सरळ इंजिनात क्लच काढायचा तर प्रोपेलर शाफ्ट सोडा, गिअरबॉक्स मागे ओढून खाली घ्या, काम झालं. आडव्यात दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, इंजिनाला वरून आधार द्यायचा, आणि पुष्कळ गाड्यांत खालचा सबफ्रेमही उतरवायचा. टायमिंग बेल्ट मडगार्डच्या बाजूला, हात जेमतेम जाईल एवढ्या फटीत. पुढच्या चाकाच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस उडून जातं, धूळ शिरते, आणि पूर्ण वळण घेताना कटकट आवाज सुरू होतो. बूट वेळेवर बदलला तर थोडक्यात भागतं, नाही तर अख्खा सांधा. उलट सरळ गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस खेळतात आणि गाडी उचलताना खाली ठण्‌ वाजतं. इलेक्ट्रिक पंखा मात्र आडव्या इंजिनाची देणगी म्हणायला हवी. इंजिनाचं तोंड बाजूला वळल्यामुळे पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येईना, म्हणून तिथं मोटर लावावी लागली. ती पाण्याच्या तापमानावर चालते, इंजिनाच्या वेगावर नाही.

हे पुस्तक मुरगुडात लिहिलं गेलं याला माझ्या लेखी अर्थ आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्यांत ब्लॉक, हेड, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्सची कवचं ओतली जातात. कागलातच किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. मुरगूड आणि आसपासच्या गावांतली पोरं तिथं पाळीला जातात. कोल्हापुरात इंजिनाचा विषय निघाला की म्हादबा मेस्त्री शेळके यांचं नाव आजही आदरानं घेतात. एवढी परंपरा असूनही, आपण ओतलेलं हाउसिंग गाडीत कुठल्या दिशेनं बसतं आणि त्याला अमुक ठिकाणीच माउंटिंगचा कान का काढलाय, हे सांगणारं मराठी लिखाण या पोरांच्या हाती नाही. इंजिन आडवं झालं की संपचा आकार बदलतो, माउंटिंगचे कान सरकतात, टर्बो आणि एक्झॉस्ट पुढे किंवा मागे जातात. पॅटर्न बदलतो, कोअर बदलतो. हे ज्याला कळतं तो नुसता जॉब करत नाही, ड्रॉइंगवर प्रश्न विचारतो.

आता विजेच्या गाड्या आल्या, मग या चर्चेचं काय? मोटरचा शाफ्ट बहुतेक गाड्यांत चाकांच्या आसाला समांतरच असतो, म्हणजे आडवं घराणं जिंकलं असं म्हणता येईल. पण मोटर लहान असल्यामुळे ती पुढे ठेवायची की मागे, हा जुना प्रश्न पुन्हा उघडा झालाय. नेक्सॉन ईव्हीत ती पुढे आहे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये ती मागे आहे आणि ओढही मागच्या चाकांना. २०२५ च्या हॅरिअर ईव्हीत पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी मिळतात, म्हणजे डिझेल हॅरिअरनं जे दिलं नव्हतं ते विजेनं दिलं. वजनाची वाटणी, चढावरची पकड, स्टिअरिंगची ओढ हे हिशेब तेच आहेत. ते पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर ज्यानं शिकून घेतले, त्याला नव्या गाड्या परक्या वाटणार नाहीत.

पुस्तकाची रचना इतिहासाच्या क्रमानं नाही. आधी गाडीत बसून काय जाणवतं, मग बॉनेट उघडून ते का जाणवतं, मग कागदावर आकृती, असा क्रम ठेवलाय. गणित जिथं टाळता येत नाही तिथंच आहे आणि दहावीपलीकडचं नाही. शर्यतीच्या गाड्यांना फार जागा दिलेली नाही. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांच्यावर इंग्रजीत भरपूर आहे. ट्रक-ट्रॅक्टरही बाहेर ठेवलेत, कारण ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स हाच सांगाडा असतो आणि तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे. आयटीआयची मुलं, फौंड्रीतले कामगार, गॅरेजमधले मेस्त्री आणि गाडीवर मनापासून जीव असलेला कुठलाही माणूस, असा वाचक डोळ्यांपुढे होता.

वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुस्तकात डावं-उजवं म्हटलंय ते नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघताना जे डावं-उजवं येतं ते. गाडीसमोर उभं राहून बघणाऱ्यानं उलटं धरावं. आणि आकृत्यांमध्ये क्रँकशाफ्ट जाड रेषेनं दाखवलाय, बाकी सगळं बारीक रेषेनं. कुठल्याही पानावर आधी ती जाड रेष शोधावी, मग बाकीची आकृती वाचावी.